परत, तिसऱ्या ओळीपासून

थंडीचे चार महिने गिटारवाल्याचे सुगीचे. एरवी वर्षभर तो पाण्याकडे बघत बसलेल्या कोळ्यासारखा वाट बघायचा, आणि थंडी पडली की एकाच वेळी सगळीकडून बोलावणी यायची. हॉटेलच्या काचेच्या दालनात चहाच्या वेळी वाजवायचं, वाचनालयात शनिवारी, संग्रहालयात रविवारी दुपारी. मधल्या वेळात शिकवण्या. सायकलच्या दुकानावर त्याची एक खोली होती. तिथे दोन खुर्च्या, एक स्टँड आणि भिंतीला टेकवलेला आरसा. शिकणाऱ्याला आपली बोटं आरशात दिसावीत म्हणून तो त्याने मुद्दाम आणला होता.

घरी फ्रीजच्या दारावर बायकोने आठवड्याचा कागद लावलेला असायचा. वाजवणं तांबड्या शाईत, शिकवणं निळ्या शाईत. लग्न झालं तेव्हा कागद निम्मा तांबडा होता. आता तो आभाळासारखा निळा झाला होता, आणि त्यात तांबडं म्हणजे चुकून उडालेले चार पतंग.

शिकवण्यात तो वाईट नव्हता, उलट नावाजलेला होता. चष्म्याच्या दुकानातली बाई, निवृत्त पोस्टमन, दोन वकील, एक दाताचा डॉक्टर. सगळे मिळून तेवीस जण. त्यांच्या बोटांकडे तो असा बघायचा, की तारेवर बोट पडण्याआधीच त्याला चूक दिसायची. मग डावा हात वर करायचा आणि म्हणायचा, "परत." ओरडायचा नाही, रागवायचाही नाही. दिवसात शंभर वेळा म्हटलेला शब्द तो, नाण्यासारखा गुळगुळीत झालेला.

पण जित्याची खोड. घरातही तो शब्द त्याच्या तोंडून जायला लागला. बायकोने काही सांगितलं आणि त्याचं लक्ष नसलं, की "काय म्हणालीस?" असं न विचारता तो म्हणायचा, "परत." एकदा तिने पोळपाट बाजूला ठेवला आणि शांतपणे विचारलं, "घरात मास्तर आलाय ते दिसतंय मला. नवरा कुठे ठेवून आलास तेवढं सांग." तो हसला. तीही हसली, पण जरा उशिराने.

त्याच्यासोबत वाजवणारे दोघे. ड्रमवर त्याची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, बोलायला कमी आणि कानाने तिखट. आणि डबल बेसवर, म्हणजे जमिनीवर उभ्या धरायच्या भल्यामोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, खांब. बेस माणसाच्या उंचीचा, आणि तो वाजवणारा त्याहून वीतभर उंच. उभा राहिला की हलायचा नाही, म्हणून नाव खांब. दिवसा तो खुर्च्यांच्या बैठका वेताने विणायचा. बावीस वर्षं दोघे एकत्र वाजवत होते. खांब त्याला "लेका" म्हणायचा, आणि तो खांबाला "खांबा". एवढ्या वर्षांत त्यांचं भांडण एकदाच झालं होतं, तेही छत्रीवरून.

जॅझ वाजवणाऱ्यांचा एक रिवाज आहे. धून ठरलेली असते, तिचे फेरे ठरलेले असतात, पण फेऱ्याच्या आत कोण काय बोलणार ते कुणी ठरवत नाही. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि सुचेल तसा हुंकार भरायचा. जात्यावर बसलं की ओवी सुचते, तसं ते आहे. ओवी आधी लिहून आणली तर दळण होतं, गाणं होत नाही.

त्या शनिवारी वाचनालयात शंभरेक माणसं होती. गिटारवाल्याने सकाळपासून सात शिकवण्या केल्या होत्या आणि तसाच तो गिटार घेऊन आला होता. चौथी धून संथ होती. खांबाची एकट्याने वाजवायची पाळी आली. दोन ओळी त्याने नेहमीसारख्या वाजवल्या. तिसऱ्या ओळीला तो एका सुरावर थांबला. सूर असा, की घराच्या दाराशी आलेला पाय उंबऱ्याबाहेरच राहावा. मात्रा निघून गेली तरी तो तिथेच.

गिटारवाल्याचा डावा हात वर गेला. समोर माइक होता, धुनांची नावं सांगायला ठेवलेला. त्यातून सगळ्या दालनात स्वच्छ ऐकू गेलं, "परत. तिसऱ्या ओळीपासून."

लोक हसले. त्यांना ती ठरवलेली गंमत वाटली. काठ्यांऐवजी हातात घेतलेले भाचीचे तारांचे ब्रश ड्रमवर फिरतच राहिले, पण तिने मान खाली घातली. खांब थांबला. आणि मग जे झालं ते गिटारवाल्याला जास्त लागलं. खांबाने खरोखर तिसऱ्या ओळीपासून परत वाजवलं. नीट, मात्रेला मात्रा जुळवून, पुस्तकात असावं तसं.

सामान आवरताना गिटारवाला त्याच्यापाशी गेला. दिवसभर शिकवून डोकं भणाणलं होतं, तोंडून गेलं, मनात काही नव्हतं, असं बरंच बोलला. खांबाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमची वायर राहिली बघा तिकडे."

बावीस वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही'. आणि बेसला खोळ चढवल्यावर त्याने सांगितलं, की हंगामाचा शब्द दिलाय तो पाळीन. हंगाम संपला की मी घरी बसणार. माझ्या जागी दुसरा बघून ठेवा.

पुढचे तीन कार्यक्रम खांबाने एकही चूक न करता वाजवले. एक सूर इकडचा तिकडे नाही. हॉटेलचा मॅनेजर तर येऊन सांगून गेला, की हल्ली कसं एकसारखं वाजतंय, मागे मधूनमधून जरा वेडंवाकडं व्हायचं. गिटारवाल्याने मान डोलावली, पण आत त्याला ठाऊक होतं. रोज विहिरीत पोहरा सोडत होता आणि दोर कोरडाच वर येत होता. दुसरा बेसवाला मिळाला असता. गावात चार होते. पण ज्याच्या श्वासावर आपण बावीस वर्षं चाललो तो उठून गेला, तर आपल्याला चालता येतं का, हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःला विचारायचीही भीती वाटत होती.

घरी बायकोने विचारलं, काय झालंय. त्याने सांगितलं. ती म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण ते हेच." मग म्हणाली, माफी मागितलीस ती कशाची, हे तरी तुला कळलंय का?

त्याचं उत्तर भाचीकडून मिळालं. ती सरावासाठी प्रत्येक कार्यक्रम फोनवर टिपून ठेवायची. एका दुपारी शिकवणीच्या खोलीवर आली, फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मामा, एकदा ऐक. बघू नकोस काही, नुसतं ऐक." आणि जिना उतरून गेली.

त्याने ऐकलं. दोन ओळी, मग तो उंबऱ्याबाहेरचा सूर. सूर लांबत होता आणि त्याच्याखाली खांबाचा श्वास ऐकू येत होता, वाट बघणाऱ्या माणसाचा असतो तसा, धरलेला. तो चुकला नव्हता. बोलता बोलता गड्याकडे वळून त्याने विचारलं होतं, तुला काय वाटतं? आणि त्या मोकळ्या जागेत गिटारचा सूर यायला हवा होता, तिथे गिटारवाल्याचा आवाज आला होता, शाळेतला. दाताचा डॉक्टर जिना चढून आला तेव्हा मास्तर आरशाकडे पाठ करून बसले होते. त्या दिवशी त्यांनी एकदाही हात वर केला नाही. डॉक्टरला वाटलं, आपण सुधारलो.

दुसऱ्या दिवशी दोन शिकवण्या पुढे ढकलून तो खांबाच्या कारखान्यात गेला. कारखाना म्हणजे एक लांब खोली. टबात वेत भिजत घातलेले, भिंतीला बैठकी नसलेल्या खुर्च्या रांगेने लावलेल्या. खांब खाली बसून विणत होता. त्याने मान वर केली नाही.

"तू चुकला नव्हतास," गिटारवाला म्हणाला. "ऐकलं मी. तू मला विचारत होतास."

खांबाने वेताचं टोक भोकातून ओढलं. "आणि चुकलो असतो तर?"

गिटारवाला टबातल्या वेतांकडे बघायला लागला.

"नाही, सांग ना. खरंच चुकलो असतो तर 'परत' बरोबर होतं? बावीस वर्षांत तू काय कमी चुकलास? मी कधी थांबवलं तुला?"

"नाही."

"लेका, तू हल्ली ऐकत नाहीस. तपासतोस."

रागाच्या भरात तो 'तू' वर आला होता, तेवढाच काय तो दिलासा. पण शब्द बाभळीच्या काट्यासारखा रुतला, आणि रुतला तिथेच राहिला. गिटारवाल्याने विचारलं, की मग मी काय करू? खांबाने पुढचा वेत टबातून उचलला, पाणी निथळू दिलं.

"माझी बोटं बघत असतोस तू. त्या शिकणाऱ्यांची बघतोस तशी. रविवारी माझ्याकडे पाठ करून बस. त्यापुढचं मी काही सांगत नाही."

रविवारी संग्रहालयाच्या वरच्या दालनात ऊन तिरपं आलं होतं. गिटारवाल्याने खुर्ची फिरवली, श्रोत्यांकडे तोंड, खांबाकडे पाठ. भाचीने एकदा दोघांकडे पाहिलं आणि ब्रश उचलले. पहिल्या दोन धुना त्याने अंधारात भिंत चाचपडावी तशा वाजवल्या. समोर बोटं नव्हती बघायला, नुसता पाठीत येणारा आवाज. तिसऱ्या धुनेत तो भरकटला. धुनेचा मधला भाग यायला अजून एक ओळ बाकी होती आणि हा आधीच तिकडे वळला. वळल्यावर कळलं. मागे वळून बघावं असं मानेला वाटत होतं. त्याने मान धरून ठेवली.

बेसने एकच खालचा सूर लांबवला, फाट्यावर उभा राहिलेला माणूस पुढच्याची पावलं ऐकतो तसा. मग ठरलेली वाट सोडली आणि तो गिटार होती तिथे निघून आला. त्याच्यामागे ड्रम. चूक नाहीशी झाली असं नाही. चूक होती तिथेच होती, पण ती तिघांची झाली. गिटारवाल्याने तारांवरून हात काढला आणि अख्खा एक फेरा काहीच वाजवलं नाही. बेस एकटा चालत राहिला. किती तरी वर्षांनी त्याला तो आवाज नुसता ऐकू येत होता, बरोबर की चूक असा निवाडा न होता.

कार्यक्रम संपला. भाची ड्रम बांधायला लागली. खोळीतला बेस खाली न्यायचा होता. जिना अरुंद, मध्येच वळण. गिटारवाल्याने न विचारता खालचं टोक धरलं, खांबाने वरचं. वळणावर बेस अडकला. दोघांनी तो थोडा उभा केला, थोडा आडवा, परत उभा.

"पुढच्या हंगामात," खांब धापा टाकत म्हणाला, "तळमजल्यावरची जागा बघ."

गिटारवाल्याने पाय मागे चाचपला. बेसचं ओझं हातात होतं आणि पाठीमागची पायरी दिसत नव्हती.

"डावीकडे घे," वरून खांब म्हणाला. त्याने डावीकडे घेतलं.