धर्मातात्यांच्या शेतातलं बाळंतपण

आमच्या हिच्या मावशीला ‘नाही’ म्हणू शकेल असा माणूस अलिबाग तालुक्यात अजून जन्माला यायचाय. बाहेरून येऊन बंगले बांधलेल्या दोघा-तिघांनी तसा प्रयत्न केला होता. हल्ली ते रविवारी सकाळी भातशेतांच्या बांधावर उकिडवे बसून पक्षी मोजतात. शेतातली पाखरं वाचवायला माणसं जमवणं हे मावशीचं काम. ते तिला कुणी दिलेलं नाही, त्यामुळे कुणी काढूनही घेऊ शकत नाही. त्याआधी तिने हयातभर सोयरिकी जमवल्या. मग गावातली लग्नाजोगी मुलं मुंबईला जाऊन आपापली जमवू लागली, तेव्हा ती पाखरांकडे वळली. पद्धत मात्र तीच ठेवली.

“मोबाइलवर निरोप धाडला की माणसं नुसता अंगठा दाखवतात,” असं म्हणून ती कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन घरोघर जाते. अशा आमंत्रणाला नाही म्हणायची आपल्याकडे सोयच नाही. माणूस एकदा आला की मग त्याचा मानपान. आमच्यात कोर्टातून निवृत्त झालेले एक बेलीफ आहेत, त्यांना हजेरी पुकारायचा मान. ते बांधावर उभे राहून प्रत्येकाचं नाव तीनदा पुकारतात, आणि तोवर मोजायचे पक्षी पार चौलच्या दिशेला गेलेले असतात. नागावात होमस्टे चालवणारा मिलिंद एकदा रुसला, कारण त्याच्या वाट्याला नुसते बगळे आले. मावशीने त्याच्या घरी जाऊन त्याला सुगरणीची घरटी बहाल केली. “तुझाच धंदा रे त्यांचा. नर बिचारा घरावर घर बांधतो, आणि ती आत डोकावून म्हणते, इथे वारा नाही!” एका पाहुण्याने घरट्याजवळ कॅमेरा रोखला, तर त्याला तिने दंडाला धरून मागे ओढलं. “बाळंतिणीचे फोटो काढतात का मेल्या? तुझ्या आईचे काढले होते का कुणी?” मला जावई म्हणून जो मान मिळाला, तो पुढे येतोच आहे.

गेल्या उन्हाळ्यात धर्मातात्यांच्या शेतात टिटवीने अंडी घातली. टिटवी घरटं विणण्याच्या भानगडीत पडत नाही. उघड्या ढेकळांत चार खडे सारते आणि मोकळी होते. नेमकी ती जागा तात्यांच्या राबाची निघाली. पावसाआधी शेण, टहाळ, पालापाचोळा पसरून जमिनीचा एक तुकडा भाजायचा आणि त्यात भाताचं रोप करायचं, हा आमच्याकडचा राब. ढीग कडेला येऊन पडले होते. ते पसरून काडी लावायची, एवढंच राहिलं होतं.

मावशी माझ्या स्कूटरवर बसून तात्यांच्या दारात हजर झाली.

“मावशे, माजं रोप काय टिटवीच्या डोक्यावर लावू?” तात्या म्हणाले.

“थोडे दिवस थांब. पिल्लं निघाली की ती जाईल.”

“पाऊस थांबनार हाय का? आनी अपशकुनी पाखरू ते. रातभर केकाटतं.”

“केकाटणारं अपशकुनी धरायचं, तर तुझ्या बायकोने तुला कधीच घराबाहेर काढायला हवा होता.”

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. मावशी तडक आत गेली आणि पिशवीतून खण-नारळ काढून तिने काकूंची ओटी भरली. “अगं, तुझ्या शेतात लेक आलीय बाळंतपणाला. पहिलटकरीण आहे. माहेरी आलेल्या पोरीखाली आग लावणारा बाप मी तरी अजून बघितला नाही.” पहिलटकरीण कशावरून, हे मी विचारणार होतो, पण तिच्यासोबतच परत जायचं होतं.

काकू ओटीचा नारळ हातात घेऊन उंबऱ्यात आल्या आणि तात्यांकडे नुसत्या बघत राहिल्या. तात्यांनी डोकं खाजवलं. “खालच्या तुकड्यात राब करून द्या. तितं पानी साचतं, मातीचा भराव घालावा लागंल. अवसेपर्यंत झाला तर ठीक. न्हायतर मी काडी लावनार.”

दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्यांना डोहाळजेवणाचं आमंत्रण केलं. माणसं नटून आली. बेलीफ तर कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. प्रत्येकाच्या एका हातात लाडू पडला आणि दुसऱ्या हातात घमेलं. “पहिली पाटी जावईबापूंची,” मावशी म्हणाली, “मान आहे त्यांचा.” पाटी शेणाची होती. कंबरदुखीचा पट्टा मी घरीच विसरलो होतो. तरी ती मोठ्या मानाने उचलली आणि तिथेच वाकलेला राहिलो.

ऊन चढलं की सगळ्यांनी शेत सोडायचं, हा मावशीचा कायदा. टिटवी डबक्यात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. “बघा, ओला पदर घालतेय,” मावशी सांगायची. पण लाडू संपले तशी माणसंही आटली. बेलिफांचा गुडघा धरला, मिलिंदकडे पाहुणे आले. मावशी पुन्हा करंडा घेऊन निघाली. “डोहाळजेवण जेवलात ना? मग बाळंतपण कोण करणार, शेजारी?” गुडघा सुटला. मिलिंदने पाहुण्यांनाच शेतावर आणलं. बनाना बोटीनंतरचा पुढचा खेळ समजून त्यांनी हसत मातीच्या पाट्या वाहिल्या.

तरीही अवसेच्या आदल्या संध्याकाळी भरावाची एक बाजू उघडीच होती, आणि शेतात आम्ही दोघंच. सत्तरीच्या मावशीने पदर खोचून पाटी डोक्यावर घेतली. तिला नको म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. तेवढ्यात फावडं खांद्यावर टाकून तात्या आले. “असला भराव घालतात? जावई, बाजूला व्हा. बघवत न्हाय.” अंधार पडेपर्यंत तिघं राबलो. खालचा राब भाजला गेला आणि वरची ढेकळं तशीच राहिली.

मग एका सकाळी तात्यांचा फोन आला. “म्हशीचं दूध काढून येतो, तर जागा मोकळी. कुनीच न्हाय.” मावशी बारशाच्या घुगऱ्यांचा डबा घेऊन निघाली. शेतात चार खडे होते आणि कवचाचा एक तुकडा. टिटवीची पिल्लं अंगावरची ओल सुकली की चालू लागतात, हे आम्हाला मावशीनेच शिकवलं होतं. तरी ती त्या खळग्यापाशी उभी राहिली, लग्नाची मंडळी गेल्यावर मांडवात उभं राहावं तशी.

“जाताना मागे वळून बघितलं का रे तिने?”

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “बगितलं ना. बांधावर चढली आनी दोनदा बगितलं.”

मावशीने मान डोलावली. डबा उघडून घुगऱ्यांची पहिली मूठ तिने तात्यांच्या हातावर ठेवली. आजोबांचा मान.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसून एकदाही नेहमीसारखं “हळू चालवा” म्हणाली नाही. मीच हळू चालवली.