लिफ्टवाल्या बाईंची दुसरी गाडी

त्या बुधवारी नवरा फोन लावत होता तेव्हा लिफ्टवाल्या बाई एका नऊमजली इमारतीच्या लिफ्टच्या छतावर उभ्या होत्या. हातात बॅटरी होती आणि नजर दोरांवर. भिंतींच्या त्या उभ्या विहिरीत फोनला रेंज नव्हती. पाऊण तासाने त्या ग्रीसने काळे झालेले हात पुसत बाहेर आल्या, आणि स्क्रीनवर नवऱ्याचे अकरा मिस्ड कॉल बघून त्यांनी तिथूनच परत फोन लावला.

घरी सासऱ्यांना श्वास घेता येत नव्हता. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीन वेळा त्यांचं डायलिसिस चालायचं. मधल्या एखाद्या दिवशी अंगात पाणी साठलं की छातीवर दडपण यायचं. त्या दिवशी जरा जास्तच आलं. घरातली एकुलती एक गाडी बाईंनी नेली होती, नव्वद किलोमीटर लांब. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. नवरा छापखान्यातून धावत घरी आला आणि रस्त्यावर हात करकरून चाळीस मिनिटांनी एक टेम्पो मिळवला. सासरे वाचले. त्या रात्री घरचे उशिराच जेवायला बसले.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या.

"तुझं काय चुकलं? कामावरच गेली होतीस ना?" नवरा म्हणाला. पण त्याने ते ताटाकडे बघत म्हटलं, आणि तेच बाईंच्या जिव्हारी लागलं.

त्यांचं काम लिफ्ट तपासण्याचं. दोर झिजलेत का, ब्रेक धरतोय का, दार अर्धवट उघडं असताना लिफ्ट हलते का. पूर्वी सगळं काम शहरातच असायचं. वर्षभरापूर्वी एक सहकारी निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि त्याचे दोन तालुके बाईंच्या गळ्यात पडले. आता जाऊन-येऊन रोज दोनशे किलोमीटर. बस धरली की शेवटची इमारत राहून जायची. तेव्हा दुसरी गाडी घ्यायची, जुनी चालेल पण तेल कमी पिणारी हवी, हे दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरलं. त्यावर मात्र दोन मतं नव्हती.

मतं फुटली ती पुढे. धाकटा दीर टायरच्या दुकानात कामाला होता. गाड्यांच्या बाजारात आपला शब्द चालतो असं तो सांगायचा, आणि थोडाफार चालायचाही. चारच दिवसांत तो चकचकीत निळी गाडी घेऊन दारात हजर झाला.

"वहिनी, लॉटरी आहे! फक्त अठ्ठावीस हजार चाललीय. लिटरला बावीस देते. मी शब्द देऊन आलोय."

"मला न विचारता शब्द दिलात भावोजी?"

"अहो, दोन गिऱ्हाईकं रांगेत होती!"

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. रंग नवा, सीटकव्हरं नवी, पायाखालचे गालिचेही नवे. आत अत्तराचा असा घमघमाट की डोकं उठावं. जिथे सगळंच नवं दिसतं तिथे काय झाकलंय ते आधी बघायचं, ही त्यांची कामातली सवय.

"मला घाटातून चालवून बघायचीय," त्या म्हणाल्या.

नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली. "त्याने एवढी धावपळ केली आणि तू त्याचीच तपासणी लावतेस? ही गाडी आहे, लिफ्ट नाही."

"रोज घाट मला उतरायचाय, तुम्हाला नाही."

दिराचं तोंड एवढंसं झालं. दाराजवळच्या कोचावर टेकून बसलेले सासरे सगळं ऐकत होते. ते काठी टेकत उठले. "मीही येतो. तुम्हा दोघांना एका गाडीत एकटं सोडलं तर घाटाआधीच जुंपायची तुमची."

"बाबा, दोनला तुमचं डायलिसिस आहे," नवरा म्हणाला.

"आत्ता कुठे दहा वाजलेत. बारापर्यंत परत."

चढणीला गाडी बिनतक्रार चढली. शेजारच्या सीटवरून दीर वहिनींकडे तिरक्या नजरेने बघत होता. काय, सांगितलं होतं ना, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. मागे सासऱ्यांनी बंद काचेत गुदमरतं म्हणून खिडकी पूर्ण उघडली होती. बाईंनाही क्षणभर वाटलं, उगाच आपण संशय घेतला.

माथ्यावरून गाडी वळवून परतीच्या उताराला लागल्यावर दुसऱ्याच वळणाआधी त्यांनी गिअर बदलायला क्लच दाबला, आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम गेले. इंजिनाचा आवाज थांबला. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी मात्र थांबली नाही. ती उताराला लागलेली, नुसत्या वाऱ्याच्या आवाजात वेग घेत होती.

"वहिनी!" दिराचा हात हँडब्रेककडे गेला.

"हात लावू नका!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की तो जागच्या जागी गोठला. "एकदम ओढलात तर मागची चाकं घसरतील."

त्यांनी गिअर दुसऱ्यात टाकून क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला, सगळे पुढे फेकले गेले, पण वेग जरा आवरला. ब्रेकवर त्यांनी पाय एकदाच दाबला आणि तसाच ठेवला. बंद इंजिनावर ब्रेकला जोर एक-दोनदाच मिळतो, तो उधळून चालणार नव्हतं. मागून ट्रकचा हॉर्न कर्कश्श वाजला. धोक्याचे दिवे लावायला हात गेला. तेही मेलेले.

"बाबा, मागे ट्रक आहे!"

"दिसतोय मला." सासऱ्यांनी गळ्याभोवतीचा पांढरा पंचा काढला, खांद्यापर्यंत हात खिडकीबाहेर काढला आणि तो सगळ्या ताकदीनिशी हलवायला सुरुवात केली.

समोर वळण होतं. वळणापलीकडे कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही.

"भावोजी, स्टिअरिंग धरा. माझ्याबरोबर ओढा. आत्ता!"

चार हातांनी ओढलं तेव्हा ते वळलं. उजवा आरसा कठड्याला घासत गेला. वळणापुढे डोंगराच्या बाजूला खडीचा ढीग पडलेला दिसला.

"आता हँडब्रेक. बटण दाबून धरा, हळूहळू वर घ्या. हळू... अजून..."

गाडी खडीत घुसली आणि थांबली. मागचा ट्रकही पंधरा-वीस हातांवर येऊन फुसकारा टाकत थांबला. बाईंनी ब्रेकवरचा पाय काढायचा प्रयत्न केला, पण तो ऐकेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलून पाय बाजूला ठेवला.

"बाबा, ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. हा पट्टा काही सुटत नाहीये."

बाई मागे गेल्या. सासऱ्यांचा सीटबेल्ट अर्ध्यात अडकला होता. त्यांनी झटका देऊन तो ओढला तसा तो सगळाच्या सगळा बाहेर आला. शेवटचा हातभर भाग तपकिरी होता. बोटाने घासल्यावर वाळलेल्या गाळाची बारीक पूड पडली. त्यांनी खाली वाकून नवा गालिचा उचकटला. खालचे सीटचे बोल्ट गंजून लाल झाले होते.

"ही गाडी पुरात बुडालेली आहे," त्या म्हणाल्या. "सीटच्या वरपर्यंत. सगळ्या वायरी आतून कुजल्या असणार."

दिराने पट्टा हातात घेतला. त्याने तो तपकिरी भाग स्वतः अंगठ्याने घासून बघितला. "वहिनी, शप्पथ, मला माहीत नव्हतं."

"मला ठाऊक आहे. माहीत असतं तर तुम्ही बाबांना आत बसू दिलं नसतं."

त्यावर त्याचे डोळे भरून आले आणि तो तोंड फिरवून चाकांपुढे दगड लावायला गेला.

पण वेळ थांबणार नव्हता. घाटात दुसरं वाहन मिळेना, साडेअकरा झाले, आणि सासऱ्यांचा श्वास पंचा हलवल्यामुळे आधीच वाढलेला. ट्रकचालक खाली उतरून आला. "आजोबा, तुम्ही तो पंचा हलवला नसता तर मी तुमच्यावरच आलो असतो," तो म्हणाला. त्याने आणि बाईंनी मिळून सासऱ्यांना केबिनमध्ये चढवलं. दीर गाडीपाशी थांबला. पुढचे दोन तास बाई सासऱ्यांचं मनगट धरून बसल्या. ट्रक भरलेला होता, रांगत चालला होता, आणि घाई करा म्हणायची त्यांची छाती होत नव्हती.

"नाडी मोजतेस की हात धरलायस?" सासऱ्यांनी विचारलं.

"दोन्ही."

दोनला पाच मिनिटं कमी असताना ते डायलिसिसच्या दारात पोहोचले. नवरा पायऱ्यांवरच उभा होता. त्याला फोनवर सगळं कळलं होतं. वडिलांना आत नेऊन तो परत आला, आणि बायकोसमोर उभा राहिला. "मी त्या दिवशी ताटाकडे बघून बोललो," एवढंच तो म्हणाला. बाईंनी मान हलवली. मग बाकावर बसून त्या रडल्या, घाटात राहून गेलेलं सगळं.

गाडी विकणाऱ्याने आधी कानावर हात ठेवले. पूर? कसला पूर? दिराने त्याच्या टेबलावर तो पट्टाच पसरला. तो गाडीतून कापून आणला होता. भर बाजारात आवाज चढला, चार लोक जमले, आणि दिलेला शब्द दिराने सगळ्यांदेखत परत घेतला. बाजारातला त्याचा रुबाब तेव्हापासून जरा उतरला. पण घरी वहिनींपुढे "मला सगळं कळतं" हे वाक्य मात्र त्याने कायमचं सोडलं.

पुढचे तीन रविवार दोघं मिळून गाड्या बघत हिंडले. बाई पट्टे ओढायच्या, गालिचे उचकटायच्या. दीर इंजिनाला कान लावायचा आणि टायरची झीज बघून चाकं सरळ आहेत की नाहीत ते सांगायचा. शेवटी जी गाडी ठरली ती बघून नवऱ्याने कपाळाला हात लावला. रंग विटलेला, मागच्या काचा हाताने फिरवायच्या, आणि आकडा एक लाख चाळीस हजार किलोमीटरचा.

"हिचा निम्मा जीव तर गेलाय!"

"औषध कंपनीच्या एका प्रतिनिधीची होती," बाई म्हणाल्या. "रोज लांबच्या रस्त्यावर, एका वेगात. प्रत्येक वेळी तेल कधी बदललं ते वहीत लिहिलेलं आहे. मला करायचाय तोच प्रवास तिने आधीच करून दाखवलाय."

"आणि दादा, इंजिन ऐक तरी," दीर म्हणाला. "घाटातून मी दोनदा नेऊन आणलीय. वहिनींनी सांगितलं म्हणून नाही. मलाच भीती होती."

गाडी घेतली. ती लिटरला बावीस देत नाही, एकोणीस देते, पण रोज देते. सोमवारी आता दारातून दोन गाड्या निघतात, सकाळी एक तालुक्याला आणि दुपारी एक डायलिसिसला.

घाटाची धास्ती मात्र बाईंच्या मनातून लगेच गेली नाही. पहिले दोन महिने उतार लागला की समोर रस्ता रिकामा असला तरी त्या दुसऱ्या गिअरमध्येच उतरायच्या. मागची वाहनं वैतागून पुढे निघून जायची. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी, कुठल्याशा लिफ्टच्या दाराचं कुलूप का धरत नाही या विचारात त्या होत्या, आणि खाली सपाटीला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, सगळा घाट आपण तिसऱ्या गिअरमध्ये उतरलो.