तिसऱ्या ओळीतल्या वेली

“पाय धुवा, साहेब. मंग बोला.” पानमळ्याच्या दाराशी मळ्याचे म्हातारे मालक पाण्याची बादली घेऊन उभे असत. बूट काढून पाय धुतल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत, तहसीलदारालाही नाही. अशी हट्टी म्हातारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यांचा सगळा हट्ट पानवेलीसाठी होता. तिला ते ‘माय’ म्हणत.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीला कॉलेजात शिकवत होतो आणि नागपूरच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होतो. पानवेलीची मर, म्हणजे उभी वेल वाळवणारा रोग, पानांवरच्या ठिपक्यांतून, वाऱ्याने पसरते, हे मला सिद्ध करायचं होतं. अकोल्याकडचे रोगट मळे आणि अचलपूरजवळचा यांचा निरोगी मळा, असा माझा दोन वर्षं फेरा चालला होता.

“ठिपक्यांत काय पाहून राहिले? मुळाले पुसा, थेच सांगन,” ते म्हणायचे. मी हसून वहीत ठिपकेच मांडायचो. शिकलेल्या माणसाची मिजास, दुसरं काय!

एका पावसाळ्यात मी अकोल्याकडून थेट तिथे गेलो. ते दारात नव्हते. परतीची मोटार चुकेल म्हणून चिखलाच्या बुटांनिशी आत घुसलो, तिसऱ्या ओळीतली चार पानं खुडली आणि पळालो.

महिन्याने पाहतो तर तिसऱ्या ओळीने माना टाकलेल्या. पानांवर एक ठिपका नाही. वेल उपटली, तर मुळं कुजलेली. मी जिथे चाललो होतो तेवढीच ओळ गेली होती, बाकी मळा हिरवागार. रोग मातीतून आला होता आणि ती माती माझ्या बुटांची होती.

प्राध्यापक म्हणाले, “खुशाल दिशा बदला. पण निरोगी मळ्यात रोग आला कसा, ते सांगावं लागेल.” बदलावं तर कबुली द्यायची, न बदलावं तर खोट्यावर पदवी घ्यायची. आठ दिवस घास उतरला नाही. सगळ्यांत जास्त भीती वाटत होती ती म्हाताऱ्याची.

शेवटी गेलो आणि सांगून टाकलं. ते वाळल्या वेली गोळा करत होते.

“मले मालूम होतं. बुटाचे ठसे होते ना.”

“मग बोलला का नाहीत?”

“भेव वाटलं. तुमी येनं सोडलं असतं, तं या रोगाले शोधलं कोनं असतं?”

मला रडू आवरेना. त्याच दिवशी मी नागपूरला पत्र टाकलं की ठिपके सोडले, माती धरली. पुढे मळ्याची एकेक ओळ मरत गेली आणि ते स्वतः मुळं खणून माझ्या हातात देत राहिले.

प्रबंधात मी लिहिलं, ‘रोग बाधित मातीतून, माणसाच्या पायांनी पसरतो.’ कोणाच्या पायांनी, ते लिहायची छाती झाली नाही.

छापलेली प्रत घेऊन अचलपूरला गेलो तेव्हा ते वारले होते. मळ्यात ज्वारी उभी होती. त्यांच्या थोरल्या मुलाने प्रत हातात घेतली, बराच वेळ पानं चाळली.

“सायेब, याच्यात आमच्या बाबाचं नाव कोठी हाये?”

त्यांचं लिहिलं असतं, तर त्यांच्या मळ्यात रोग कोणी आणला म्हणून माझंही लिहावं लागलं असतं.