हात जनूकाकांचा

जनूकाका कुठल्याही धातूवर मेणाचा थर चढवण्याआधी पालथा हात लावून बघत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. "अजून गार हाय. आता मेन धरायचं न्हाय," म्हणत आणि ऊन चढेपर्यंत विडी ओढत बसून राहत. समोर देवळाची घंटा असो की कुणाच्या नव्या बंगल्याचं पितळी दार, त्यांना घाई करायची कुणाची छाती नव्हती. घाई मी केली.

कशेळीच्या आमच्या शाळेत पहिल्या मुख्याध्यापिकेचा, आमच्या बाईंचा, ब्राँझचा पुतळा बसवायचा होता. माजी विद्यार्थ्यांच्या समितीत इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे पुतळ्यावर संरक्षक थर कसला द्यायचा हे मी ठरवायचं होतं. थर द्यायचं काम जनूकाकांकडे होतं. ते म्हणाले, "इंजिनेर, मेन लावू. बाजूला खाडी हाय, खारा वारा. आन् पोरं काय ऐकनार हायेत? हार घालतील, कुंकू लावतील, नारलाचं पानी सांडतील. मेन झिजलं तर परत लावता येतं."

"म्हणजे दरवर्षी लावायचं? कोण येणार?"

"मी येन की."

मला ती कटकट वाटली. मी पारदर्शक लॅकर निवडलं. एकदा फवारलं की चकचकीत, पुन्हा बघायला नको. "चमकंल," काका म्हणाले, "पर ह्याला एक चीर पडली ना, पानी आत शिरंल आन् भायेर याला वाट न्हाय." तरी माझ्या हट्टाखातर त्यांनी ते इतकं एकसारखं फवारलं, की उद्घाटनाला आलेले पाहुणे पुतळ्यात आपापले चेहरे बघत होते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर लॅकरचे पापुद्रे सुटले. बाईंच्या डोळ्यांखालून हिरवे ओघळ आले. "बाई रडतात," मुलं म्हणू लागली. समितीची बैठक बसली. अध्यक्षांनी विचारलं, "हे काम कुणाचं?" काका दाराशीच बसले होते. मी म्हणालो, "हात जनूकाकांचा होता."

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते मला इतकं सहज सुचलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. ते एवढंच म्हणाले, "व्हय. हात माजाच व्हता." मी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसलो.

महिन्याभरात शेजारच्या पूर्णा गावातल्या एका देवळाच्या दाराचं त्यांचं ठरलेलं काम दुसऱ्याकडे गेलं. नंतर फारसं कुणी बोलावलं नाही. तरी शाळेत ते आले, आठवडाभर खपून सगळं लॅकर काढलं, पुतळा उन्हात तापू दिला आणि मेण लावलं. पुढे दर दिवाळीच्या सुट्टीत चिंधी घेऊन हजर. मलाही शिकवलं. "पातल लावा, गोल फिरवा. मी काय कायमचा हाय?" दरवर्षी मी माफी मागायचं ठरवून जायचो आणि मेणाबद्दलच बोलून परत यायचो. लाज वाटायची, पण जीभ उचलायची नाही.

काकांना जाऊन दोन वर्षं झाली. आता मेण मी लावतो. यंदा शाळेचे नवे शिपाई शिडी धरून उभे होते. म्हणाले, "पुतला पयले ज्यानं बिघडवला, तो कोन जनू म्हातारा व्हता म्हनं?"

माझा हात बाईंच्या गालावर होता. मी नुसतं "हं" म्हणालो.

तेव्हाही जमलं नाही मला. म्हणून शाळेच्या या स्मरणिकेत, जिथं नंतर खोडता येणार नाही, तिथं लिहितो. लॅकर मी निवडलं होतं. काका नको म्हणत होते. हात तेवढा त्यांचा होता.