अठरा धागे आणि माझे वळवळे हात

दोरी करायला बसलं की किस्से आपोआप गोळा होतात. मेण लावलेल्या धाग्याला घरातला केरकचरा चिकटतो ना, तसेच! मी कडेगावचा. लेक श्रुती धनुर्विद्या खेळते आणि तिच्या धनुष्याच्या रंगीत दोऱ्या मी घरीच करतो. आता मैदानावरचे सगळेच माझ्याकडून करून घेतात. यंदा श्रुतीची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. तीन महिने माझं बूड एका जागी टिकलं नाही.

*

दोरी करायची म्हणजे लोखंडी अँगलच्या दोन टोकांना खुंट्या, आणि त्यांच्याभोवती धागा फिरवत राहायचं. आमचा अँगल माणसाच्या उंचीचा. सोप्यातून थेट स्वयंपाकघराच्या दारात जातो. बायको हातात कढई घेऊन त्याच्यावरून टांग टाकते. एकदा शेजारचे बापू आले, दारात थबकले आणि म्हणाले, "घरात बी बांध घातलास व्हय रं? सरकव की जरा, वैनींच्या हद्दीत गेलाय!"

*

नऊ फेरे म्हणजे अठरा धागे. जास्त झाले तर बाण दोरीत बसत नाही. एकदा मधेच फोन आला. मी फोन कानाला लावून धागा फिरवतोय आणि मोजायचं काम आप्पांना दिलेलं. आप्पा म्हणजे माझे वडील, रिटायर्ड सुभेदार. फोन ठेवून विचारलं, "किती झाले?"

आप्पा ताठ उभे. "एक, दो, एक! एक, दो, एक!"

"आवं आप्पा, पण एकूण किती?"

"एकूण कशाला? कदम लय बरोबर पडत हुता!"

दोरी एवढी जाड झाली की श्रुती म्हणाली, "पप्पा, हिनं आता म्हस बांधा."

*

लाल, पिवळी, पोपटी अशी एक दोरी खिडकीत टांगली होती. मळ्यातले तात्या बघतच राहिले. "लय झ्याक! आमच्या खिलार बैलाला बेंदराला असली एक करा की."

"तात्या, ही धनुष्याची आहे."

तात्यांनी ओढून बघितली. "मग तर लयच बरं. तुटायची न्हाई!"

मला नाही म्हणवेना. बेंदराच्या मिरवणुकीत तो बैल बघून मैदानावरचे तिघं माझ्याकडे पळत आले. "काका, आम्हाला हाच रंग पाहिजे!"

*

चाचणी सांगलीला होती. आदल्या दिवशी श्रुतीनं बजावलं, "पप्पा, आता दोरीला हात लावायचा नाही." मी हो म्हणालो. सकाळी ती आंघोळीला गेली आणि माझे हात वळवळायला लागले. दोरीच्या मधोमध, बाण बसतो तिथं, बारीक धाग्याचे वेढे असतात. ते मला उगाच सैल वाटले. सोडले आणि परत गुंडाळले. श्रुतीची जादाची दोरी तर मी आधीच उसवून टाकली होती, तिचा निळा रंग पटेना म्हणून!

शेवटचे तीन बाण राहिले आणि नेमके तेच वेढे सुटले.

मला आत जायला बंदी. कुंपणाबाहेर नुसत्या येरझाऱ्या. संघात एकच जागा उरलेली आणि त्या जागेसाठी श्रुतीच्या बरोबरीत होती आटपाडीची एक पोरगी. तीच पुढं आली. स्वतःची जादाची दोरी काढून म्हणाली, "घे गं. तुज्याच पप्पांनी केलीया. धनुष्य बी सारखंच हाय. बघत काय बसलीस?"

श्रुतीनं ती चढवली. ती जागा श्रुतीला मिळाली, एका गुणानं.

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्या पोरीची आई माझ्याकडे येताना दिसली तशी मी मान खाली घातली. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "दोरी ऱ्हाऊ द्या तिच्याकडं. आमच्या पोरीला दुसरी करा. पर दादा, तुमच्या पोरीला केली तसली नगं हां!"