माझ्या सहीचा दाखला

ती घटना आठवली नाही असा महिना निवृत्तीनंतर गेलेला नाही. अलीकडे ती पुन्हा वर आली, ती आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींमुळे. यवतमाळात आम्ही सहा-सात पेन्शनर फिरून झाल्यावर एका टपरीवर चहा घेतो आणि देशाचे सगळे प्रश्न पाऊण तासात सोडवतो. त्या दिवशी विषय होता बायका-मुलींवर हात टाकणाऱ्यांच्या यादीचा. अशी यादी आता पोलिसांकडे असते, पण ती लोकांना पाहता येत नाही. ती फोटोसकट चौकात लावा, असे एकाचे म्हणणे. शिक्षा भोगून आलेल्याने मग जगायचे कसे, असे दुसऱ्याचे. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही ठाणेदार होते ना भाऊ, तुम्ही सांगा." एरवी मी न विचारताही बोलतो. त्या दिवशी अर्धा चहा टाकून घरी आलो.

कापसाचे भाव कोसळले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. जिल्ह्यात रोज कोणी ना कोणी मंत्री, पथक, वार्ताहर येत आणि आमची निम्मी माणसे बंदोबस्तातच असत. मी एका तालुक्याच्या ठाण्याचा ठाणेदार होतो. आमच्याकडे प्रलंबित गुन्हे सर्वांत कमी, याची मला भारी मिजास होती.

एका सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती. फाटकाशी एक बाई घुटमळत होती. गावातल्या मुलींच्या एका खासगी वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. तक्रार द्यायची आहे का, असे विचारले तर नाही म्हणाली.

"साहेब, चार दिस झाले, पोरी न्हाणीत आंघोळीले जाऊन नाही राह्यल्या. खोलीतच बालटी नेतेत. काहून म्हणून इचारलं, तं एकही बोलत नाही."

खबऱ्यांनी आणलेल्या शेकडो बातम्या मी ऐकल्या, पण इतकी नेमकी बातमी क्वचितच. मी आमच्या महिला हवालदारांना साध्या कपड्यांत पाठवले. त्या दिवसभर मुलींबरोबर भाजी निवडत बसल्या आणि चार वाजता परत आल्या, ते चौकीदाराचे नाव घेऊन. अकरावीतल्या एका मुलीला त्याने न्हाणीघराशी अडवून तिच्या अंगावर हात टाकला होता, आणि बोललीस तर तुझेच नाव खराब करीन असा दम दिला होता. मुलीची फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि दिवस मावळायच्या आत माणूस ताब्यात घेतला. इथवर सगळे कायद्याप्रमाणे झाले.

दुसऱ्या दिवशी विचारपूस सुरू केली. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला माणूस, आवाज अगदी खालचा. माझा अनुभव असा की निर्दोष माणूस चिडतो, निदान रडतो तरी. हा पाणी मागायचा, पिऊन झाले की ग्लास होता तिथेच नीट ठेवायचा आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे साहेब" म्हणायचा. फक्त मुद्द्याची गोष्ट तेवढी नाकारायचा.

"याआधी कुठे असे केलेस?" मी विचारले.

"माह्यावर एक डाग नाही साहेब. हॉस्टेलच्या फायलीत माह्या चारित्र्याचा दाखला आहे. तुमच्याच सहीचा आहे."

मी फाईल मागवली. दाखला होता. सदर इसमाविरुद्ध या ठाण्याच्या अभिलेखात कोणताही गुन्हा नोंद नाही, आणि खाली माझी सही, शिक्का. वर त्याच्या मूळ गावाचे नाव होते. ते वाचून मी त्याच्या चेहऱ्याकडे पुन्हा पाहिले. मी त्याला ओळखले नव्हते. त्याने मला पहिल्याच मिनिटाला ओळखले होते.

दाखल्याच्या दोन-तीन महिने आधी त्याच गावची एक मुलगी बापाला घेऊन माझ्याकडे आली होती. याच माणसाने वावराच्या वाटेवर तिला धरले होते. तेव्हा गावचे तंटे गावातच मिटावेत म्हणून सरकारी मोहीम चालू होती आणि ज्या गावात तंटा नाही त्याला बक्षीस होते. असले गुन्हे मिटवू नयेत हे मोहिमेच्या नियमांत स्पष्ट होते आणि ते मला पाठ होते. पण गावचे पुढारी माझ्या खोलीत येऊन बसले. एवढे एक प्रकरण आडवे आले आहे, म्हणाले. माझ्याही तक्त्यात एक गुन्हा कमी दिसणार होता. मी बापलेकीला तीन तास बाहेर बाकावर बसवून ठेवले आणि मग बापाला सांगितले, "लग्नाची पोर आहे. कोर्टात नाव निघेल. गावातच मिटवा."

त्या माणसाला बोलावले. त्याने बापाचे पाय धरले, गाव सोडून जायचे कबूल केले. बाप मान खाली घालून उठला. मुलगी उठली नाही.

"साहेब, तुम्ही याले गावाबाहेर काढून राह्यले," ती म्हणाली. "हा जाईन तिथं पोरी नाहीत काय?"

"तू तुझे बघ," मी म्हणालो. हे शब्द माझेच आहेत. दुसऱ्या कोणावर ते ढकलता येत नाहीत.

स्टेशन डायरीत ओळसुद्धा पडली नाही. गावाला बक्षीस मिळाले, वेशीवर फलक लागला आणि त्या कार्यक्रमाला मी पाहुणा म्हणून जाऊन नारळ घेऊन आलो. हा माणूस गाव सोडून कुठे गेला, तर माझ्या ठाण्यापासून पाच मिनिटांवर, मुलींच्या वसतिगृहात. मी सांगितले म्हणूनच गेला.

इकडे वसतिगृहातल्या मुलीचा बाप तिला घरी न्यायला आला होता. "आमच्या एकटीचंच नाव निघन साहेब. आमाले नाही लढायचं," असे तो हात जोडून म्हणत होता. मुलगी कोर्टात फिरली असती, तर हा माझा दाखला खिशात घालून पुढच्या वसतिगृहात गेला असता. दुसरी एखादी पुढे आली तरच बाप टिकला असता, आणि ती दुसरी कोण हे फक्त मला माहीत होते.

तिचे लग्न होऊन ती फुलसावंगीच्या पलीकडे नांदत होती. मी महिला हवालदारांना घेऊन गेलो. नवऱ्यासमोर काय बोलणार म्हणून मी चाचरत होतो, तर तो म्हणाला, "मले सारं माहीत आहे. तिचं ती ठरवीन." तिने सगळे सांगितले, न अडखळता. जबाब मी स्वतः लिहिला. उशिरा दिलेल्या तक्रारीत कारण लिहावे लागते. मी ठरावीक वाक्य लिहिले: बदनामीच्या भीतीने त्या वेळी तक्रार दिली नाही.

तिने कागद हातात घेऊन वाचला.

"हे वाक्य कोणाचं आहे?"

"असे लिहायची पद्धत आहे."

"मी तं आली होती साहेब. तीन घंटे बाकड्यावर बसली होती."

पेन माझ्याच हातात होता. ते वाक्य खोडायला किती वेळ लागला असता? पण खोडले असते तर माझी चौकशी लागली असती आणि बढती तोंडावर आली होती. मी खाली पाहत राहिलो. महिला हवालदार भिंतीकडे पाहत होत्या.

"त्या हॉस्टेलच्या पोरीचं काम होईन न यानं?" तिने विचारले.

"होईल."

"मंग आणा. सही कुठं करू?"

तिच्या जबाबावरून वेगळा गुन्हा दाखल झाला, ते कळल्यावर वसतिगृहातल्या मुलीचा बापही टिकला. दोन्ही खटले उभे राहिले. पहिल्या मुलीची साक्ष चालू असताना मी कोर्टाच्या व्हरांड्यात होतो आणि आतला आवाज ऐकू येत होता. आरोपीच्या वकिलाने विचारले, खरे होते तर इतके दिवस गप्प का बसलात?  ती माझे वाक्य जसेच्या तसे म्हणाली, "बदनामीच्या भीतीनं." वकिलाने ते तिला तीनदा म्हणायला लावले. बाहेर आल्यावर ती माझ्या शेजारून गेली, पण माझ्याकडे पाहिले नाही. आरोपीला शिक्षा झाली. उत्कृष्ट तपासाबद्दल मला प्रशंसापत्र मिळाले आणि मी ते घेतले.

यादी चौकात लावावी की कपाटात ठेवावी, याचे उत्तर मला आजही येत नाही. दोन्हीकडच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला एवढेच कळते की यादीत नाव चढायला आधी कोणीतरी ते लिहून घ्यावे लागते, आणि ज्या दिवशी ते लिहायचे होते त्या दिवशी त्या खुर्चीवर मी बसलो होतो. वसतिगृहातल्या त्या मुलीच्या वाट्याला जे आले ते माझ्या सहीने आले. टपरीवर हे बोलायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

सबब माझा जबाब असा की, सदर मुलगी त्याच वेळी वडिलांसह ठाण्यात तक्रार देण्यास आली होती. बदनामीच्या भीतीने तिने तक्रार दिली नाही, हे मी लिहिलेले वाक्य खोटे आहे. तिने दिली होती, मी घेतली नाही. जबाब वाचून पाहिला, तो बरोबर आहे.