साबणाचा वास

अक्काच्या इस्त्रीच्या दुकानात दर आठवड्याला दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरायची, आणि दर आठवड्याला अक्का करवादायची, "ही शेवटची! माझं दुकान आहे की धर्मशाळा?" खुर्च्या मात्र तीच मांडायची. बैठक चालू असतानाही तिची इस्त्री थांबत नसे. लोकांच्या दुःखासाठी गिऱ्हाईक थोडंच थांबतं?

जिभेलाही विश्रांती नव्हती. निवृत्त मास्तर "मित्रहो" म्हणत उभे राहिले की अक्का म्हणे, "आटपा मास्तर, शाळा कधीच सुटली." पण बैठकीचा नियम तिनेच घातलेला. ज्याचा पाय घसरला त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगितलं तर खुर्ची त्याचीच, बैठक संपेपर्यंत लपवलं तर चालता हो. आणि दुसऱ्या कुणाला कळलं असेल, तर त्याने तोवर ब्र काढायचा नाही.

हा नियम एक दिवस तिच्याच अंगाशी आला.

तिचा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करायचा. पॉलिशमध्ये स्पिरिट, त्यामुळे आधी वास यायचा आणि मागून भाऊ. शेजारीपाजारी नाकं मुरडायचे, "अक्का, स्वारी परत सुरू झाली वाटतं?" अक्का अंगावर जायची, "कामाचा वास आहे तो! स्वतःच्या घरात हुंगा जरा." भावाची बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती. "वन्सं, तुम्ही म्हणाल तेव्हाच येईन," असं तिने बजावलं होतं. त्या सकाळीच अक्काने तिला फोन केला होता, "ये गं उद्या. सावरलाय तो."

आणि त्याच संध्याकाळी भाऊ बैठकीला आला तो नुसता साबणाचा वास घेऊन. हात कोपरापर्यंत घासलेले, केस ओले, तोंडात लवंग.

"अरे वा!" टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला. तो स्वतः दारूतून सुटलेला, त्यामुळे त्याला सगळं कळतं असा त्याचा समज. "आज वासच नाही! याला म्हणतात सुधारणं." मास्तरांनी टाळ्या सुरू केल्या, बाकीच्यांनी साथ दिली.

अक्काची इस्त्री शर्टावर थांबली. पॉलिशचे हात न धुण्यावरून या माणसाने आयुष्यभर बोलणी खाल्ली होती, तरी कधी धुतले नव्हते. आज कुणापासून लपायला घासले? आणि ही शहाणी मंडळी टाळ्या पिटतायत! तिने ओठ घट्ट मिटले. बोल रे गाढवा, ती मनात म्हणत होती. उद्या तुझी लेक यायचीय. या टाळ्या घेऊन घरी गेलास तर संपलंच सगळं.

भाऊ मान खाली घालून बसला होता.

"अक्का, जळतंय!" मास्तर ओरडले. इस्त्री शर्टावर तशीच राहिली होती.

"जळू दे!" अक्का किंचाळली.

भाऊ उभा राहिला. "टाळ्या नकोत," तो म्हणाला. "मी प्यायलोय. दुपारी. ती येणार म्हणून भीती वाटली मला."

"भीती वाटली?" अक्काचा बांध फुटला. "मेल्या, आणि मला वाटत नव्हती? सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा! मी गेले का प्यायला? लोकाचा शर्ट जाळलास माझ्या हातून!" बोलता बोलता तिने पायाने खुर्ची त्याच्याकडे ढकलली. "बस खाली. तुझीच आहे. आणि तिला फोन कर. आत्ता, इथून."

त्याने फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग फोन अक्कापुढे धरला.

"वन्सं, स्वतःहून बोलला हा? की तुम्ही पकडलंत?"

"स्वतःहून गं," अक्का म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले.

पलीकडून उत्तर आलं,

"मग येते मी. पण उद्या नाही."

अक्काने फोन ठेवला आणि वळली. "बघत काय बसलात सगळे? मास्तर, खिडकी उघडा. धूर झालाय."